यूब्लॉक ओरिजिन आणि ॲडवक्लीनर: बाबांच्या पीसीवर वापरून बघितले, कसे वाटले

आधीच सांगते, यूब्लॉक म्हणजे ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारा ॲड ब्लॉकर आणि ॲडवक्लीनर म्हणजे पीसीत घुसलेले जाहिरातींचे प्रोग्राम काढणारा, दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही घ्या, पण कुठलं आधी वापरायचं आणि कुठलं नंतर हे फार महत्त्वाचं आहे, मला त्यावरच जास्त लिहायचंय. कारण आमच्या नात्यात किंवा शेजारी ज्या घरी "कॉम्प्युटरवर सारख्या जाहिराती येतात गं" असं ऐकते तिथे बरेचदा कुणीतरी ॲड ब्लॉकर टाकून गेलेलं असतं, तरी जाहिराती येतच असतात, आणि मग सगळे म्हणतात की ॲड ब्लॉकर काही कामाचा नाही. कामाचा आहे हो. फक्त वेबसाइट ज्या जाहिराती दाखवते त्या तो थांबवतो, आणि कॉम्प्युटरमध्येच घुसून बसलेलं एखादं सॉफ्टवेअर जे काही दाखवतं ते त्याच्या हातात नसतं. यूब्लॉक म्हणजे दाराची कडी, आत शिरलेल्याला ती बाहेर काढत नाही. बाहेर काढायचं काम ॲडवक्लीनरचं.

बाबांचा पीसी सांगलीला आहे, साधा डेस्कटॉप, चार जीबी रॅम. वापर काय तर सकाळी मराठी पेपर वाचायचे, लाइट बिल भरायचं, सातबारा काढायचा, रात्री यूट्यूबवर जुनी नाट्यगीतं. यावेळी माहेरी गेले तर क्रोम उघडलं की गूगलऐवजी भलतंच सर्च पान येत होतं, त्यात काही शोधलं की आधी दोन-तीन अनोळखी पत्ते झरझर बदलायचे आणि मग निकाल दिसायचे. खाली उजव्या कोपऱ्यात थोड्या थोड्या वेळाने "तुमच्या पीसीत व्हायरस सापडले" अशी पट्टी, ब्राउझर मिनिमाइज असला तरी. सेटिंगमध्ये जाऊन होमपेज परत गूगल केलं की क्रोम बंद करून उघडल्यावर पुन्हा तेच. आणि एक अनोळखी एक्सटेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, बसलेलं, ते काढायला गेलं तर काढायचं बटणच चालत नव्हतं, क्रोमच्या मेनूत सगळ्यात खाली "मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन" अशी ओळ.

ही ओळ ज्यांच्या घरच्या पीसीवर दिसते त्यांनी दुर्लक्ष करू नका. ऑफिसमध्ये आयटीवाले सगळ्यांच्या क्रोमला एकसारखे नियम लावतात, त्याला पॉलिसी म्हणतात, आणि त्या विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजची सेटिंग साठवलेली असतात तिथे, लिहिलेल्या असतात. हायजॅकर, म्हणजे आपलं होमपेज आणि सर्च बळकावणारं सॉफ्टवेअर, नेमकी हीच सोय वापरतो. रजिस्ट्रीत पॉलिसी लिहून ठेवतो की हे एक्सटेन्शन सक्तीचं आहे आणि हे सर्च पान सक्तीचं आहे, मग क्रोम बिचारं ते नियम पाळत राहतं आणि आपल्याला बदलू देत नाही. काही अँटिव्हायरसमुळेही ही ओळ येते, त्यामुळे दिसली म्हणजे हायजॅकरच असं लगेच समजायचं नाही, ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि पॉलिसी असं टाइप केलं की कुठल्या पॉलिसी लागू आहेत त्यांची यादी येते, तिथे अनोळखी एक्सटेन्शनचा लांबलचक आयडी किंवा अनोळखी सर्चचा पत्ता दिसला की समजायचं.

हे आलं कुठून तर भाची सुट्टीत आजोबांकडे राहायला होती, तिची टायपिंगची परीक्षा, जीसीसी टीबीसीची मराठी तीस, म्हणून तिने मराठी टायपिंगचं फ्री सॉफ्टवेअर शोधलं. सर्चमध्ये सगळ्यात वर जे येतं ती बरेचदा जाहिरात असते आणि त्यावर स्पॉन्सर्ड एवढंच बारीक लिहिलेलं असतं. त्या पानावर हिरवी मोठी डाउनलोडची तीन-चार बटणं असतात, त्यातलं खरं एखादंच आणि तेही सगळ्यात लहान. इन्स्टॉल करताना एक्स्प्रेस आणि कस्टम असे दोन पर्याय येतात, एक्स्प्रेस घेतलं की सोबतचा टूलबार, सर्च पान, एखादा पीसी फास्ट करणारा प्रोग्राम सगळं एकदम आत, कारण त्यांच्या चौकटींत टिक आधीच केलेली असते. पोरीला बोलायचं काही कारण नाही, पान मुद्दाम तसंच बनवलेलं असतं, भले भले फसतात. आणि हे खूप मोठ्या प्रमाणावर चालतं. २०१७ च्या जूनमध्ये चेक पॉइंट या सिक्युरिटी कंपनीने फायरबॉल नावाच्या हायजॅकरबद्दल सांगितलं होतं, त्यांच्या अंदाजाने जगात २५ कोटी कॉम्प्युटरवर तो होता आणि सगळ्यात जास्त भारतात, अडीच कोटींच्या वर. मायक्रोसॉफ्टने हा आकडा फुगवलेला आहे म्हणून सांगितलं, पण तो पसरायचा तो असाच, फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत चिकटून, आणि आत गेला की होमपेज आणि सर्च बदलायचा.

जाता जाता, साध्या मराठी टायपिंगसाठी काहीच डाउनलोड करावं लागत नाही. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड कधीपासून आहे आणि २०१९ च्या मे अपडेटपासून फोनेटिक पण आहे, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे लिहिलं की मराठी उमटतं. सेटिंगमध्ये टाइम अँड लँग्वेजमध्ये जाऊन मराठी भाषा ॲड करायची, बस. परीक्षेचं सॉफ्टवेअर लागत असेल तर ते क्लासवाल्यांकडूनच घ्या.

आता ॲडवक्लीनर. हा २०११ पासून आहे, एका फ्रेंच डेव्हलपरने बनवला आणि २०१६ मध्ये मालवेअरबाइट्सने घेतला, त्यामुळे आता त्यांच्याच साइटवरून उतरवायचा, दुसऱ्या कुठल्याही डाउनलोड साइटवरून नाही, हे ठळक अक्षरात समजा. मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे इन्स्टॉल करावा लागत नाही. छोटी फाइल आहे, डबल क्लिक, स्कॅन, संपलं. जुन्या पीसीवरही स्कॅन पटकन झाला, अँटिव्हायरसचा फुल स्कॅन लावला की चहा होऊन जेवण होतं तसं काही नाही, कारण हा सगळी डिस्क चाळत बसत नाही, जाहिराती दाखवणारं ॲडवेअर आणि हायजॅकर जिथे जिथे बसतात त्या जागाच बघतो, म्हणजे रजिस्ट्री, शेड्यूल्ड टास्क, ब्राउझरची प्रोफाइल, सर्व्हिसेस, ठराविक फोल्डर. सापडलेल्याची यादी दाखवतो, क्वारंटाइन केलं की रीस्टार्ट मागतो. थेट डिलीट करत नाही, क्वारंटाइनमध्ये ठेवतो, चुकून एखादी कामाची गोष्ट गेली तर परत आणता येते, ही सोय फार चांगली आहे. पीसी बनवणाऱ्या कंपनीने आधीच भरून दिलेली सॉफ्टवेअरं वेगळ्या यादीत दाखवतो, त्यातलं काय ठेवायचं ते आपण ठरवायचं, तिथे घाई करू नका, एखाद्या नावाखाली टचपॅड नाहीतर कीबोर्डची बटणं चालवणारा प्रोग्राम पण असू शकतो.

पॉलिसीचं मात्र वेगळं बघावं लागतं. ॲडवक्लीनरच्या सेटिंगमध्ये क्रोम पॉलिसी रीसेट करायचा पर्याय आहे, तो स्वतः चालू करायचा आणि मग परत चालवायचा. तसेच प्रॉक्सी रीसेट आणि होस्ट फाइल रीसेटचेही पर्याय तिथेच आहेत, नेट विचित्र वागत असेल, ओळखीच्या साइट भलतीकडे जात असतील तर तेही करून टाका. ऑफिसच्या लॅपटॉपवर यातलं काही करू नका, तिथल्या पॉलिसी खरंच ऑफिसच्या असतात. बाबांच्या पीसीवर पॉलिसी रीसेट झाल्यावर ती ओळ गेली आणि एक्सटेन्शनचं काढायचं बटण चालायला लागलं, तेव्हा कुठे ते निघालं.

आणि त्यापुढचं काम ॲडवक्लीनर करत नाही ते आपणच करायचं. सेटिंगमध्ये इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लावा, ज्या दिवसापासून त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास काय काय आलंय ते बघा, मग अनोळखी गोष्टी अनइन्स्टॉल करा. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे टार्गेटच्या चौकटीत क्रोमच्या फाइलच्या नावापुढे एखादा वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तो खोडा, काही हायजॅकर एवढंच करतात आणि माणूस ब्राउझरची सेटिंग धुंडाळत बसतो. मग क्रोममध्येच रीसेट सेटिंग्ज आहे ते करा, बुकमार्क आणि पासवर्ड जात नाहीत.

एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. क्रोममध्ये गूगल अकाउंटने साइन इन करून सिंक चालू असेल तर एक्सटेन्शनसुद्धा सिंक होतात. म्हणजे पीसी धुऊन पुसून स्वच्छ केला, अगदी फॉरमॅट केला, आणि पुन्हा साइन इन केलं की तेच एक्सटेन्शन अकाउंटमधून परत येऊन बसू शकतं. म्हणून साफसफाई करताना आधी सिंक बंद करा, आणि त्याच अकाउंटने दुसरा लॅपटॉप असेल तर त्यातूनही ते काढा. दुकानात पीसी नेला की बऱ्याच ठिकाणी थेट फॉरमॅट मारून देतात, पैसे घेतात, फोटो जातात आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच, ते यामुळे पण होतं. एवढ्यासाठी फॉरमॅट करायची बहुतेक वेळा गरजच नसते.

कोपऱ्यातल्या व्हायरसच्या पट्ट्यांचं प्रकरण मात्र पूर्ण वेगळं निघालं. ते ना हायजॅकर ना व्हायरस, ते ब्राउझरचं नोटिफिकेशन. कुठल्यातरी साइटने "तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा" म्हणून सांगितलं असणार, ते दाबलं की त्या साइटला कायमची परवानगी, मग ती वाटेल तेव्हा वाटेल ते पाठवते. हे ॲडवक्लीनरने जाईलच असं नाही, आणि यूब्लॉक या नोटिफिकेशनना हात लावत नाही. क्रोमच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स, अलाउड यादीतल्या अनोळखी साइट काढा आणि वरती "साइटना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका" हे निवडून टाका. घरात वयस्कर माणसं पीसी वापरत असतील तर हे एक सेटिंग आज रात्रीच करा, बाकी सगळं उद्या केलं तरी चालेल. आई तर त्या पट्ट्यांना इतकी घाबरली होती की पीसीचा प्लगच काढून ठेवायची.

पीसीत अँटिव्हायरस होता, पैसे भरलेला, मग त्याने का नाही पकडलं हा बाबांचा प्रश्न होता आणि तो बरोबरच आहे. कारण असं की या प्रोग्रामना व्हायरस म्हणता येत नाही, इन्स्टॉल करताना आपण कुठेतरी "मान्य आहे" दाबलेलं असतं, कायद्याच्या भाषेत परवानगी दिलेली असते. म्हणून सिक्युरिटी कंपन्या त्यांना वेगळ्या खान्यात टाकतात, नको असण्याची शक्यता असलेले प्रोग्राम, आणि त्यांना अडवायचं सेटिंग बरेचदा वेगळं असतं. विंडोज सिक्युरिटीमध्ये ॲप अँड ब्राउझर कंट्रोल, त्यात रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन, तिथे पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग आहे ते चालू आहे ना बघून घ्या.

एवढं सगळं झाल्यावर मग यूब्लॉक ओरिजिन टाकला.

हा रेमंड हिल नावाच्या कॅनडातल्या डेव्हलपरचा आहे. २०१४ मध्ये त्याने यूब्लॉक सुरू केला, २०१५ मध्ये तो प्रोजेक्ट दुसऱ्याच्या हाती दिला आणि मग स्वतःची वेगळी शाखा चालू ठेवली तिचं नाव यूब्लॉक ओरिजिन. नुसतं यूब्लॉक नाव असलेला जो आहे तो पुढे २०१८ मध्ये ॲडब्लॉक या दुसऱ्या ब्लॉकरवाल्यांकडे गेला, त्याचा आणि याचा आता काही संबंध नाही, त्यामुळे ओरिजिन हा शब्द आणि डेव्हलपर म्हणून रेमंड हिल हे नाव दोन्ही बघूनच टाका. कोड सगळा खुला आहे, कुणीही वाचू शकतं, आणि हा माणूस देणगीसुद्धा घेत नाही. फिल्टर लिस्ट, म्हणजे काय काय अडवायचं त्याच्या याद्या, सांभाळणाऱ्यांना द्या म्हणून सांगतो. मला याचं फार कौतुक वाटतं, कारण या धंद्यात पैसा कसा येतो तिथेच सगळी मेख आहे. ॲडब्लॉक प्लसने २०११ पासून "चालतील अशा जाहिराती" ही सोय आणली, त्यात काही जाहिराती मुळातच अडवत नाहीत आणि मोठ्या कंपन्या त्या यादीसाठी पैसे भरतात. यूब्लॉक ओरिजिनमध्ये तसं काही नाही.

आणि नकली पण खूप आहेत. २०१८ मध्ये ॲडगार्ड या ॲड ब्लॉकर बनवणाऱ्या कंपनीने क्रोमच्या स्टोअरमधले पाच खोटे ॲड ब्लॉकर उघडे पाडले होते, नावं खऱ्यासारखीच, सगळे मिळून दोन कोटींवर लोकांनी टाकलेले. २०२० मध्ये नॅनो ॲडब्लॉकर हा चांगला चाललेला ब्लॉकर मूळ डेव्हलपरने दुसऱ्यांना दिला आणि नव्या लोकांनी त्यात लोकांची माहिती चोरणारा कोड घातला. ॲड ब्लॉकरला आपण उघडतो ते प्रत्येक पान वाचायची परवानगी देतो, बँकेचं पानसुद्धा, म्हणून बनवणारा कोण आहे हे मी आधी बघते आणि फीचर नंतर.

वापरायला कसा आहे? टाकला की लगेच चालू, काहीच करावं लागत नाही. ईझीलिस्ट, ईझीप्रायव्हसी, पीटर लोव यांची लिस्ट आणि यूब्लॉकच्या स्वतःच्या लिस्ट आधीच चालू असतात. पान उघडताना ब्राउझर जाहिरातीच्या सर्व्हरला काही मागायला जातो तेव्हाच तो रस्ता अडवतो, म्हणजे बहुतेक जाहिराती उतरतच नाहीत, नुसत्या नंतर लपवल्या असं नाही. त्यामुळे डेटा वाचतो, रॅम वाचते, आणि चार जीबीच्या पीसीवर तो फरक डोळ्याला दिसतो. मराठी पेपरांच्या साइटवर तर जमीन-अस्मानाचा फरक आहे, आधी बातमीच्या प्रत्येक दोन परिच्छेदांमध्ये एक जाहिरात, कोपऱ्यात आपोआप वाजणारा व्हिडिओ, वाचता वाचता मजकूर खाली सरकायचा आणि बाबा नेमके जाहिरातीवर क्लिक करायचे. आता फक्त बातमी असते. बाबा म्हणाले, "अगं, हे तर खरंच पेपर वाचल्यासारखं झालं."

पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. यूब्लॉकमध्ये एक बॅडवेअर रिस्कची, म्हणजे घातक सॉफ्टवेअरचा धोका असलेल्या साइटची, लिस्ट असते आणि एक धोकादायक लिंकची, दोन्ही सुरुवातीपासून चालू. त्यातल्या साइटवर गेलं की पान उघडतच नाही, यूब्लॉक पूर्ण स्क्रीनभर सांगतो की ही साइट अडवली आहे, परत जा किंवा हवं तर पुढे जा. भाचीने क्लिक केलं तसल्या डाउनलोडच्या जाहिराती तर मुळात दिसतच नाहीत, सर्चच्या पानावरच्या स्पॉन्सर्ड ओळी जातात. अमेरिकेच्या एफबीआयने २०२२ च्या डिसेंबरमध्ये लोकांना सांगितलं होतं की सर्चमध्ये जाहिरात देऊन बँकांच्या आणि सॉफ्टवेअरच्या खोट्या साइट चालवल्या जातायत, तेव्हा सर्च करताना ॲड ब्लॉकर वापरा. म्हणजे हा नुसता डोळ्यांच्या सुखाचा प्रश्न नाही. सातबाऱ्यासाठी सुद्धा बाबा सर्चमधून वर येईल ते उघडायचे, आता सरकारच्या महाभूलेखचा पत्ता, ज्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे, तो बुकमार्क करून दिलाय.

दोन सेटिंग मी जास्तीची केली. यूब्लॉकच्या डॅशबोर्डमध्ये, म्हणजे सेटिंगच्या पानावर, फिल्टर लिस्ट्समध्ये खाली प्रदेश आणि भाषांचा भाग आहे, तिथे इंडियनलिस्ट आहे ती चालू केली, भारतीय साइटवर उरलेल्या काही गोष्टी त्याने जातात. आणि अनॉयन्सेसमधल्या कुकीच्या नोटिसा काढणाऱ्या लिस्ट. याहून जास्त लिस्ट चालू करत बसू नका, जितक्या जास्त तितक्या साइट बिघडायची शक्यता जास्त. एखादी खाली चिकटलेली पट्टी छळत असेल तर आयड्रॉपरचं चिन्ह आहे, ते घेऊन पट्टीवर क्लिक करायचं आणि क्रिएट दाबायचं, ती पट्टी पुन्हा दिसत नाही. शेजारी विजेचं चिन्ह आहे त्याने फक्त तेवढ्यापुरती जाते.

त्रास कुठे होतो तेही सांगते. एखाद्या साइटवर पेमेंटचं पान अडकतं, फॉर्मचं बटण दाबलं जात नाही. अशा वेळी यूब्लॉकच्या आयकॉनवर क्लिक करून निळं मोठं पॉवरचं बटण दाबायचं आणि पान रिफ्रेश करायचं, तेवढ्या साइटपुरता तो बंद होतो आणि लक्षात ठेवतो. बाबांना हे एवढंच शिकवलं, त्यांनी वहीत लिहून ठेवलंय. यूट्यूबच्या जाहिराती बहुतेक वेळा जातात, पण २०२३ पासून यूट्यूब ॲड ब्लॉकरच्या मागे लागलंय त्यामुळे मधेच एखाद्या दिवशी चालत नाही, तेव्हा फिल्टर लिस्टच्या पानावर अपडेट नाऊ दाबायचं आणि तरी नाही झालं तर थांबायचं, बहुतेक वेळा लवकरच दुरुस्ती येते.

काही पेपरच्या साइट ब्लॉकर बंद करा म्हणून पडदा टाकतात. यावर माझं मत स्पष्ट आहे, ज्या पेपरची बातमीदारी आवडते त्याची वर्गणी भरा, नाहीतर त्या साइटवर ब्लॉकर बंद ठेवा, पत्रकारांचे पगार कुठूनतरी निघायला हवेत. बाबांच्या रोजच्या एका पेपरची आम्ही वर्गणी भरली. पण एखाद्या साइटवरच्या जाहिराती फसव्या डाउनलोडकडे आणि चमत्कारी औषधांकडे नेत असतील तर तिथे ब्लॉकर बंद करायला मी कुणालाच सांगणार नाही.

आता सगळ्यात मोठी अडचण. यूब्लॉक ओरिजिन क्रोमवर आता चालत नाही. गूगलने एक्सटेन्शनचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही थ्री म्हणतात त्याला, जुन्या नियमाची एक्सटेन्शन २०२४ पासून हळूहळू बंद करत आणली आणि २०२५ मध्ये पूर्णच बंद केली. आधी एक्सटेन्शन प्रत्येक रिक्वेस्ट स्वतः तपासून अडवू शकायचं, आता नियमांची यादी आधीच ब्राउझरला द्यायची आणि अडवायचं काम ब्राउझर करणार. त्यासाठी रेमंड हिलनेच यूब्लॉक ओरिजिन लाइट काढलाय. तो साधा आहे, हलका आहे, रोजच्या जाहिराती बऱ्यापैकी अडवतो, पण बाहेरची हवी ती लिस्ट त्यात घालता येत नाही आणि अडवायची ताकदही मूळच्यापेक्षा कमी. ज्यांना क्रोमच हवं त्यांनी लाइट टाका, काहीच नसण्यापेक्षा खूप बरा.

पूर्ण ताकदीचा हवा तर फायरफॉक्स. तो बनवणाऱ्या मोझिलाने जुनी पद्धत चालू ठेवली आहे. बाबांना फायरफॉक्सवर आणलं, बुकमार्क क्रोममधून आपोआप आणता येतात. पहिले काही दिवस "तो गोल रंगीत कुठे गेला गं" चालू होतं, मग फायरफॉक्सचा आयकॉन त्याच जागी टास्कबारवर पिन केला आणि क्रोमचा काढून टाकला, प्रश्न मिटला. फायरफॉक्सचा अजून एक फायदा म्हणजे अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्समध्येही यूब्लॉक ओरिजिन टाकता येतो.

एक गोष्ट कुठलाच ब्लॉकर शंभर टक्के अडवत नाही ती म्हणजे सायरन वाजवणारं पान. पूर्ण स्क्रीन लाल किंवा निळी, कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा. मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगितलंय की त्यांच्या एरर मेसेजमध्ये कधीच फोन नंबर नसतो. फोन करायचा नाही, एस्केप बटण दाबून धरायचं म्हणजे फुल स्क्रीन जाते, नाहीच गेली तर कंट्रोल शिफ्ट एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करायचा. चुकून फोन झाला आणि पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, जितका लवकर कराल तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त. हे मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरच्या बाजूला चिकटवलंय.

मार्क द्यायचे तर यूब्लॉक ओरिजिनला फायरफॉक्सवर पाचपैकी पाच, लाइटला साडेतीन. ॲडवक्लीनरला चार, कारण तो फक्त विंडोजवर चालतो आणि सतत राखण करत नाही, आपण चालवला की तेवढ्यापुरतं बघतो. म्हणून गरज पडेल तेव्हा नव्याने उतरवून घ्या, जुनी फाइल वर्षभर डेस्कटॉपवर ठेवून तीच चालवू नका.

यूब्लॉकच्या सेटिंगमध्ये सगळ्यात खाली बॅकअप टू फाइल आहे. कुठल्या लिस्ट चालू, कुठल्या साइटवर बंद, कुठल्या पट्ट्या काढल्या, हे सगळं एका छोट्या फाइलमध्ये येतं. बाबांच्या पीसीवरची ती फाइल मी पेन ड्राइव्हवर घेतली आहे, मिरजेला काकांकडे पण हीच तक्रार आहे, तिथे आधी ॲडवक्लीनर चालवायचा, नोटिफिकेशन बंद करायची, मग फायरफॉक्स आणि यूब्लॉक टाकून ही फाइल रिस्टोर करायची.